क्लेम कुणाकडे करायचा?
‘ब्रँड तोच, मग दुबईहून मागवला काय नि नाक्यावरच्या दुकानातून घेतला काय’ हे परदेशातून टायर मागवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या टायरला फुगा आला. दुकानदाराने टायर उतरवून कंपनीकडे पाठवला. तिथल्या माणसाने उरलेल्या नक्षीची खोली मोजली आणि झिजेपुरते पैसे घेऊन मला नवा टायर मिळाला. परदेशातलं बिल घेऊन हेच मी कुणाच्या दारात मागायचं?

शिवाय जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली, इथे विकायच्या टायरवर आयएसआय मार्कही सक्तीचा आहे. लेखात याचा उल्लेखच नाही, आणि लोक किंमत बघून ऑर्डर टाकून बसतील. जुना माल गळ्यात मारणारे दुकानदार आपल्याकडेही आहेत, हे खरंच. म्हणून टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात हे टायर बसवायच्या आधी बघता येतं आणि नको असेल तर तिथेच दुसरा काढायला सांगता येतो.