दुसरा क्वार्टरबॅक कुणीही चालतो? नाही चालत

ऑगस्ट संपत आला की एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, ३२ संघ माणसं कमी करत प्रत्येकी ५३ खेळाडूंवर येतात. नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला युक्तिवाद फिरायला लागतो. मला तो इंग्रजीत आला, हिंदीत आला, आणि चक्क पुणेरी मराठीतही आला. मथितार्थ असा: पहिला क्वार्टरबॅक जायबंदी झाला की सीझन संपलाच, तेव्हा दुसऱ्यावर पैसे उधळणं मूर्खपणा. त्या जागी स्वस्तातला नवखा पोरगा ठेवा, ब्रेडी आणि पर्डी हे नावाजलेले क्वार्टरबॅक असेच सापडले. फारच अडलं तर बाहेर कुणी ना कुणी मिळतोच, फ्लॅको नाही का मिळाला? ठेवायचाच तर पहिल्यासारखा खेळणारा ठेवा. आणि शेवटी शेपूट: बॅकअप फार चांगला ठेवू नका, पहिल्याचं डोकं फिरतं.

यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणून तर ते इतकं फिरतं.

ज्यांचा या खेळाशी संबंध सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, रात्री समोसे खाण्यापुरता आहे त्यांच्यासाठी एवढंच, की आक्रमणाची प्रत्येक खेळी क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते, आणि दर वर्षी बऱ्याच संघांचा पहिला क्वार्टरबॅक निदान दोन-चार सामन्यांना मुकतो.

आता पहिला मुद्दा, सीझन संपतो हा. १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या कार्सन वेंट्झचा गुडघा गेला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या शर्यतीत तो पुढे होता. त्याच्या जागी आला निक फोल्स. आधीच्या वर्षी रॅम्सनी सोडल्यावर हा माणूस खेळच सोडायचा विचार करत होता. ४ फेब्रुवारी २०१८ ला मिनियापोलिसमध्ये सुपर बोलात त्याने ३७३ यार्डांचे पास फेकले, एक टचडाउन (इथला गोल म्हणा) स्वतः झेलला, पेट्रियट्सना ४१-३३ हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. ईगल्सनी त्याच्याशी दोन वर्षांचा १ कोटी १० लाख डॉलरचा करार केला होता. त्या वर्षी प्रत्येक संघाची पगारमर्यादा १६ कोटी ७० लाख होती. म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन टक्के. यालाच उधळपट्टी म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

मान्य, फोल्स रोज उगवत नाही. १९७२ च्या मायामी डॉल्फिन्समध्ये पाचव्या सामन्यात बॉब ग्रीसीचा पाय मोडला आणि ३८ वर्षांच्या अर्ल मॉरलने गाडी पुढे ओढली. तो संघ १७ पैकी १७ जिंकला. १९९० मध्ये जायंट्सचा फिल सिम्स डिसेंबरात गेला आणि जेफ हॉस्टेटलरने सुपर बोल जिंकला. अशा कथा मोजक्याच. पण बॅकअपची परीक्षा सुपर बोलात होत नाही. ती होते २०१९ च्या सेंट्ससारखी. ड्रू ब्रीजच्या अंगठ्याला दुखापत झाली, टेडी ब्रिजवॉटरने पाच सामने सुरू केले, पाचही जिंकले, मग शांतपणे बाकावर जाऊन बसला. सेंट्सनी १३ सामने जिंकले. ब्रिजवॉटरच्या खेळात डोळे दिपवणारं काही नव्हतं. त्याने फक्त दुकान उघडं ठेवलं.

दुकान बंद पडलं की कसं दिसतं तेही पाहून घ्या. २०११ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचा पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे एकही सामना खेळला नाही. आधीच्या वर्षी १०-६ (दहा जिंकले, सहा हरले) असलेला संघ २-१४ वर आला. निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला ऐनवेळी बोलावलं, मग कर्टिस पेंटर, मग डॅन ऑरलॉव्स्की. कोल्ट्सच्या आक्रमणाचे कोच टॉम मूर यांचा एक किस्सा सांगतात. सगळा सराव मॅनिंगच का करतो, असं कुणीतरी विचारलं. उत्तराचा सभ्य तर्जुमा असा, की १८ नंबर (म्हणजे मॅनिंग) पडला तर आपलं वाटोळंच आहे, आणि वाटोळं होण्याचा सराव आपण करत नाही. किस्सा म्हणून झकास आहे. त्या सीझननंतर मुख्य कोचही गेला, वर्षानुवर्षं संघ बांधणारा बिल पोलियनही गेला आणि मॅनिंगलाही सोडलं. त्या बदल्यात ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू संघ क्रमाने निवडतात तो कार्यक्रम, तळाच्या संघाची पाळी आधी) अँड्र्यू लक मिळाला ना, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

डॅलस काउबॉइज २०१५ मध्ये पहिला क्वार्टरबॅक टोनी रोमोसह ३-१ होते आणि त्याच्याविना १-११. सीझन आपोआप संपत नाही. तो बऱ्याचदा ऑगस्टमध्येच, दुसरा कोण हे ठरवताना संपवलेला असतो.

नवख्या पोराच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. बॅकअपचा आठवडा कसा जातो हे तो मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नसतं. बुधवार ते शुक्रवार सराव, आणि त्यात मुख्य फळीबरोबरच्या जवळजवळ सगळ्या खेळ्या पहिल्याच्या वाट्याला. दुसरा त्या वेळात येत्या रविवारच्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचं सोंग घेतो. कोच एक छापील कार्ड वर धरतो, त्यावर समोरच्या संघाची खेळी काढलेली असते. ती जशीच्या तशी खेळून आपल्याच बचावफळीला सराव द्यायचा. म्हणजे आठवडाभर तो दुसऱ्याच संघाचं आक्रमण खेळतो. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या कामगार करारानंतर सराव आणखी आटला. मग रविवारी दुसऱ्या क्वार्टरमध्ये कुणीतरी विव्हळत बाहेर येतो आणि याला हेल्मेट चढवायला सांगतात. विंगेत उभ्या असलेल्या बदली नटासारखं: नाटक पाठ आहे, पण एकही तालीम नाही. हेल्मेटमधून कोचचा आवाज येतो खरा, पण घड्याळात १५ सेकंद उरले की हा प्रॉम्प्टरही गप्प.

माझ्या मते या जागेसाठी माणूस निवडताना हे एकच पाहायचं असतं: तालमीशिवाय कोण उभा राहू शकतो. जोरदार हात, उंची, कॉलेजातले आकडे हे सगळं नंतर.

या मापाने नवख्यांच्या यशोगाथा पुन्हा वाचा. १९९९ चा कर्ट वॉर्नर: ट्रेंट ग्रीनचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला होता, वॉर्नरला सीझनआधी तयारीला वेळ मिळाला. २०१६ चा डॅक प्रेस्कॉट: नियोजित बॅकअप केलन मूरचा पाय शिबिरातच मोडला, मग सरावसामन्यात रोमोची पाठ गेली, म्हणून पहिल्या खऱ्या सामन्याआधी पोराला दोन आठवडे मुख्य फळीबरोबर मिळाले. त्या वर्षी काउबॉइज १३-३. २००८ चा मॅट कॅसल पहिल्याच सामन्यात ब्रेडीच्या जागी आला आणि संघ ११-५ राहिला, पण तो त्याच प्लेबुकात (संघाच्या खेळ्यांच्या वहीत) चौथ्या वर्षी होता आणि पुढचा प्रत्येक आठवडा पहिला म्हणून सराव करत होता. या पोरांना वेळ मिळाला. बॅकअपला मिळत नाही तो वेळच.

खुद्द ब्रेडीचं उदाहरणही नीट पाहा. २००० मध्ये तो १९९ वा निवडला गेला आणि पहिलं वर्ष चौथ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून बसून काढलं. २००१ मध्ये पेट्रियट्सनी दुसऱ्या जागेसाठी अनुभवी डेमन ह्युआर्ड आणला होता. ब्रेडीला ती जागा कुणी स्वस्त म्हणून दिली नाही, ह्युआर्डला मागे टाकून त्याने ती घेतली. आणि ब्रॉक पर्डी? २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. तो थेट सामन्याच्या मध्यात आला आणि खेळला, हे कबूल. माझ्या मापाला न जुमानणारा तो एक आहे. पण फोर्टीनाइनर्सनी त्याला दुसरा म्हणून निवडलंच नव्हतं! ट्रे लान्सच्या मागे त्यांनी जिमी गरापोलोला कमी पगारावर पुन्हा राजी करून ठेवलं होतं. लान्सचा घोटा दुसऱ्या आठवड्यात मोडला, गरापोलोने डिसेंबरपर्यंत गाडी चालवली आणि त्याचा पाय मोडल्यावर पर्डीचा नंबर लागला. ज्या संघाचा दाखला देता, त्याने तुमच्या सल्ल्याच्या बरोबर उलटं केलं होतं.

२०२३ च्या जेट्सचं काय झालं ते तर ताजंच आहे. पहिला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स सीझनमधल्या आपल्या चौथ्याच खेळीत गेला आणि मागे होता झॅक विल्सन, २०२१ च्या ड्राफ्टमधला क्रमांक दोनचा, तरुण आणि आधीच डळमळलेला. उत्तम बचावफळी असूनही ७-१०.

बाहेर कुणीतरी मिळतोच, हा तिसरा मुद्दा फ्लॅकोच्या जिवावर चालतो. २०२३ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनी ऑगस्टात अनुभवी जोश डॉब्जला ॲरिझोनाला देऊन टाकलं आणि नवखा डोरियन थॉम्प्सन-रॉबिन्सन ठेवला. पहिल्या क्वार्टरबॅकचा, डेशॉन वॉटसनचा, खांदा दुखावल्यावर या पोराने पहिल्याच सामन्यात तीन चेंडू बाल्टिमोरच्या हातात दिले, २८-३. नोव्हेंबरात घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला बोलावलं, त्याने पाचपैकी चार सामने जिंकून दिले. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ह्यूस्टनने त्याचे दोन पास थेट टचडाउनसाठी पळवले आणि ४५-१४ ने घरी पाठवलं. घरी बसलेला फ्लॅको सापडणं हे नशीब. त्याला योजना कसं म्हणायचं?

तो दिलेला डॉब्ज पुढे मिनेसोटाला गेला. मंगळवारी व्यवहार, रविवारी अटलांटात सामना. जॅरेन हॉलच्या डोक्याला मार बसला आणि डॉब्जला मैदानात उतरवलं. मुख्य फळीबरोबर एकही सराव नाही, सगळ्यांची नावंही पाठ नाहीत; बाजूरेषेवर लाइनमन (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी) गोळा करून तो चेंडू मागण्याची आरोळी जुळवत होता. ३१-२८ जिंकला, २२ सेकंद उरले असताना टचडाउन. मीही खुर्चीवरून उठून ओरडलो होतो. तीन आठवड्यांनी शिकागोविरुद्ध चार इंटरसेप्शन (समोरच्यांनी पळवलेले पास), त्यानंतरच्या सामन्यात बाकावर. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहून झाले होते.

आणि बाजारातून आणलेला दुसरा नमुना: २९ जानेवारी २०२३, फिलाडेल्फिया. पर्डीच्या कोपराचा अस्थिबंध तुटला आणि डिसेंबरात करार केलेला जोश जॉन्सन आला, कारकिर्दीत १४ संघ फिरलेला. मध्यंतराआधी त्याच्या हातून स्नॅपच, म्हणजे खेळी सुरू करताना मागे दिलेला चेंडूच, निसटला आणि त्यावर ईगल्सनी टचडाउन केला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तोही डोक्याला मार लागून गेला. मग पर्डी परत आला. हात उचलत नव्हता, चेंडू फक्त धावणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा. ३१-७. त्या मे महिन्यात लीगने तिसऱ्या, आपत्कालीन क्वार्टरबॅकचा नियम पुन्हा आणला.

पहिल्यासारखाच खेळणारा हवा, यावर फार बोलायची गरज नाही. सगळं आक्रमणच क्वार्टरबॅकच्या पळण्यावर उभं असेल तर ठीक. पण वेंट्झ पळायचा, फोल्स एका जागी उभा राहायचा. नियमित सीझनच्या शेवटच्या सामन्यात ईगल्स ६-० हरले, तेव्हा डग पीडरसन आणि फ्रँक राइक यांनी फोल्सला जे जमतं त्याभोवती खेळ नव्याने मांडला. दोघेही कधीकाळचे बॅकअप: पीडरसन ब्रेट फार्व्हच्या मागे, तर राइकने जानेवारी १९९३ मध्ये जिम केलीच्या जागी बफेलोला ३५-३ पिछाडीवरून जिंकवलेलं. त्यांना ठाऊक होतं, माणसाला प्लेबुकात कोंबायचं नसतं.

उरलं शेपूट. डोकं फिरतं, हे खोटं नाही. २०२० मध्ये ईगल्सनी दुसऱ्या फेरीत जेलन हर्ट्स घेतला, वेंट्झचं बिनसलं आणि वर्षभरात तो कोल्ट्सकडे गेला. हर्ट्सने पुढे सुपर बोल जिंकला, तेव्हा डोकं फिरणं त्यांना परवडलं म्हणायचं. पण मला या मुद्द्यावर आठवतो तो ड्रू ब्लेडसो. मार्च २००१ मध्ये दहा वर्षांचा १० कोटींवरचा करार, सप्टेंबरात जेट्सच्या मो लुइसची बाजूरेषेजवळची जीवघेणी धडक, आणि बरा होऊन आला तेव्हा जागा ब्रेडीची झालेली. डोकं फिरायला याहून जास्त काय लागतं? जानेवारीत पिट्सबर्गला ब्रेडीचा घोटा मुरगळला. ब्लेडसो चार महिन्यांनी मैदानात आला, पळताना बाजूरेषेपाशी अगदी तशीच धडक खाल्ली, हनुवटी फुटली, उठला आणि लगेचच डेव्हिड पॅटनच्या हातात टचडाउन ठेवला. पेट्रियट्स २४-१७ जिंकले. एप्रिलमध्ये त्यांनी त्याला बफेलोला पाठवून दिलं.