वर्षभर स्वतःसाठी कपडे घेतले नाहीत, त्याबद्दल

या गुढीपाडव्याला एक वर्ष पूर्ण झालं. वर्षभरात मी स्वतःसाठी एकही कपडा विकत घेतला नाही. मैत्रिणी सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

दिवाण आवरताना आत नऊ कुर्ते सापडले, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. त्यातले दोन एकाच रंगाचे, एकाच छपाईचे. पहिला घेतलाय हेच विसरले होते, म्हणून दुसरा मागवला होता. तिथेच फरशीवर बसून मोबाइलमधल्या जुन्या ऑर्डरी काढल्या. बारा महिन्यांत 41 ऑर्डरी, 38,640 रुपये. म्हणजे महिन्याला 3,200 च्या वर. त्याच वर्षी लेकीच्या क्लासची फी दोन हप्त्यांत भरली तर चालेल का, असं मी सरांना विचारलं होतं. ते आठवलं आणि फार वाईट वाटलं.

मग त्या कुर्त्यांची आतली लेबलं वाचली. रेयॉन, पॉलिस्टर, पुन्हा रेयॉन. नवांपैकी सुती दोनच. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू कपाशीचं. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झालं की वेचणी सुरू व्हायची. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. आईच्या बोटांची नखांजवळची कातडी फाटायची आणि रात्री ती चुलीजवळ बसून त्यावर खोबरेल लावायची. त्या घरातली मुलगी मी, आणि माझ्या दिवाणात पॉलिस्टरचा ढीग.

ज्या दोन सुती होत्या त्यांचाही हिशोब मांडला. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, म्हणजे किलोला 75. क्विंटलभर कापसातली सरकी काढली की 33 ते 35 किलो रुई निघते. दोनशे ग्रॅमच्या कुर्त्याला सूतगिरणीतली घट धरून पाऊण किलोच्या आसपास कापूस लागत असेल. पंचावन्न रुपयांचा. कुर्ता 899 चा होता. मधल्या पैशांत कातणारे, विणणारे, रंगवणारे, शिवणारे, पोचवणारे सगळे आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतक्या हातांचं काम मी चिठ्ठीही न काढता अंधारात कोंबून ठेवलं होतं, हे मला सहन झालं नाही.

नियम साधा ठेवला. लेकीचा शाळेचा गणवेश आणि आतले कपडे सोडून पाडवा ते पाडवा काही घ्यायचं नाही. खरेदीची सगळी ॲप काढून टाकली. पहिले दोन आठवडे सोपे गेले, तिसरा फार जड गेला. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मला कपडे हवे असायचे ते रात्री साडेदहानंतर. भांडी आवरून झालेली, घर झोपलेलं, आणि दिवसभरात स्वतःसाठी काहीच केलेलं नाही ही टोचणी. तेव्हा बोट आपोआप मोबाइलवर फिरायचं. मागवण्यात आनंद होता, पार्सल आल्यावर तो उरायचा नाही. 2016 ला यूपीआय आल्यापासून पैसे देणं किती सोपं झालंय! पाकिटातून पाचशेची नोट काढताना हात जरा तरी थबकतो, पिन टाकताना थबकत नाही.

म्हणून एक वही केली. काही घ्यावंसं वाटलं की वस्तू, किंमत, तारीख आणि तेव्हा मन कसं होतं ते लिहायचं. महिन्याने पुन्हा वाचायचं. वर्षात 23 नोंदी झाल्या. त्यातल्या चारच आजही हव्याशा वाटतात. बाकीच्या बहुतेक नोंदींपुढे 'दमले' किंवा 'भांडण झालं' असंच लिहिलंय.

वाचलेल्या पैशांतून पोस्टात महिना 3,000 ची आरडी काढलीय, पाच वर्षांची. लेकीच्या नावाने.

लोक काय म्हणतील हा प्रश्न भाचीच्या लग्नात आला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही मावशी ना? नवी साडी नको?" मी आईची करवतकाठी नेसले. टसरचं अंग, काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी. अंग आणि काठ यांचे धोटे वेगवेगळे चालवून हातमागावर विणलेली ती साडी चाळीस वर्षांनंतरही तशीच पडते. तीच मी आधी साखरपुड्यालाही नेसले होते. फोटोत दोन्हीकडे एकच साडी दिसते, आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नाही. बायकांनी एकमेकींना 'तीच का पुन्हा?' हे विचारणं आता थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. त्या एका प्रश्नापायी कितीतरी घरांत न परवडणारी खरेदी होते.

काहींनी विचारलं, सगळ्यांनीच असं केलं तर विणकरांनी खायचं काय? प्रश्न रास्त आहे. पण माझ्या 41 ऑर्डरींत हातमागाचं एकही वस्त्र नव्हतं. आता वहीतल्या चार नोंदींपैकी एक हातमागाच्या सुती साडीची आहे. ती घेणार आहे, पूर्ण किमतीला, घासाघीस न करता.

लग्नात करवतकाठीचा फॉल एका बाजूने उसवला. गल्लीतल्या टेलरकाकांनी साडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "जपून ठेवा ताई, असं कापड हल्ली हाताला लागत नाही." शनिवारी तयार होईल.