‘पाचशे रुग्ण बरे झाले, आता कसली चाचणी?’

करोनाच्या लाटेत सुरू झालेला एक मजकूर औषधाचं नाव बदलून अजूनही फिरतोय. सारांश असा: आमच्या औषधाने 500 रुग्ण बरे झाले, हाच पुरावा; कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी नवं औषध न दिलेले रुग्ण) म्हणजे निम्म्या रुग्णांना वाऱ्यावर सोडणं; अनुभवी डॉक्टरला आकडेमोड लागत नाही; चाचण्या हे श्रीमंत देशांचे चोचले; आणि चाचणी संपेपर्यंत माणसं मरतात. मेडिकलच्या पीजीच्या (पदव्युत्तर) मुलांचे थिसिस तपासताना यातलं बरंचसं मला वेगळ्या शब्दांत ऐकू येतं, म्हणून एकेक घेतो.

‘500 बरे झाले.’ कितींपैकी? औषध मध्येच सोडलेले, दुसरीकडे हलवलेले, दगावलेले कुठे मोजले? आणि औषध न घेता किती बरे झाले? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपसूक उतरते. काविळीची माळ घालणाऱ्यांचा लौकिक गावोगावी टिकून आहे तो त्यामुळेच.

‘कंट्रोल ग्रुप वाऱ्यावर.’ त्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळतातच, नवं औषध तेवढं मिळत नाही. ते न मिळणं तोट्याचंच, हे आपण आधीच धरून चालतो. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही तसंच धरलं होतं. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे ठोके चुकतात ते जास्त दगावतात; एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके ताळ्यावर आणतात; म्हणजे जीव वाचणारच. तर्क चोख, आणि सुधारलेला ईसीजी समोर दिसत होता. मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. ज्यांचे ठोके औषधाने सुधारत होते अशाच रुग्णांना त्यात घेतलं आणि कुणाला खरं औषध, कुणाला प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) हे दैवावर सोडलं. औषधवाल्या 755 पैकी 63 दगावले, प्लासिबोवाल्या 743 पैकी 26. आता सांगा, वाऱ्यावर कोण होतं? आकड्यांवर स्वतंत्र समितीची नजर होती म्हणून 1989 मध्ये ही औषधं मध्येच थांबवली गेली. एकट्या डॉक्टरच्या ओपीडीत हे कधी लक्षातही आलं नसतं, कारण हार्ट अटॅकचा रुग्ण गेला तर दोष आजारालाच दिला जातो.

‘अनुभवाला दिसतंच.’ अनुभवाला मी कमी लेखत नाही, पण अनुभवी माणूसच रुग्ण निवडतो. थिसिसमध्ये हमखास येणारा प्रस्ताव: ‘सर, ऑड नंबर ए ग्रुपमध्ये, ईव्हन बी मध्ये.’ म्हणजे पुढचा नंबर कुणाचा हे आधीच ठाऊक! मग अगदीच खंगलेल्या आजोबांना ‘उद्या या’ सांगितलं जातं. कुणी मुद्दाम लबाडी करत नाही, हात आपोआप तसा वळतो. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यावर बंद पाकिटांचा उपाय केला. रुग्ण घ्यायचं पक्कं झाल्यावरच पाकीट उघडायचं. 1948 मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांत औषध घेतलेल्या 55 पैकी 4 क्षयरोगी दगावले, नुसत्या विश्रांतीवर असलेल्या 52 पैकी 14.

चोचल्यांचं म्हणाल तर 1956 मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेली चाचणी बघा. गरीब क्षयरोग्यांपैकी काहींना दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या, काहींना सॅनेटोरियममध्ये (क्षयरोग्यांच्या रुग्णालयात) ठेवलं. गुण जवळपास सारखाच आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांना घरपोच सेवा दिली, तेव्हा तुलनेसाठी 47 गावंही अभ्यासात ठेवली होती.

राहिला वेळेचा मुद्दा. करोनावरचे उपचार तपासणारी ब्रिटनची ‘रिकव्हरी’ चाचणी मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि 16 जूनला डेक्सामेथासोनचा निकाल हाती होता: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर. औषध स्वस्तातलं, कुठल्याही तालुक्याला मिळणारं. आपल्या आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 39 रुग्णालयांतल्या 464 करोना रुग्णांवर प्लाझ्मा, म्हणजे करोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव, तपासला. आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा दिलेल्यांत 19 टक्के, न दिलेल्यांत 18. हे ऑक्टोबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. तरी एप्रिल 2021 मध्ये मध्यरात्री ग्रुपवर ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट’ चे मेसेज येतच होते, आणि सरकारी उपचार-सूचनांतून प्लाझ्मा निघाला तो मे 2021 मध्ये.