खुलासा: टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस आणि इनोव्हा क्रिस्टा ‘एकच गाडी’ नाही

पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतंय: “हायक्रॉस म्हणजे फक्त चेहरा बदललेली क्रिस्टा. वर हायब्रिडला रोज चार्जिंग लागतं. जुनी क्रिस्टाच घ्या.” सल्ला काहींच्या सोयीचा असेल, पण कारणं चुकीची आहेत.

क्रिस्टा (2016 पासून) लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) बांधलेली, ताकद मागच्या चाकांना, डिझेल इंजिन बहुतेक 2.4 लिटरचं. 2022 च्या अखेरीस आलेल्या हायक्रॉसला वेगळी फ्रेम नाही, ओढ पुढच्या चाकांची आणि इंजिन 2 लिटर पेट्रोल. डिझेल मिळतच नाही. बोनेट उघडलं की पहिल्याच नजरेत फरक दिसतो: क्रिस्टाचं इंजिन लांबीत, हायक्रॉसचं आडवं.

हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या हायक्रॉसला, प्लग नाही. बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना भरते. बॅटरीला हवा देणारी जाळी मात्र पिशव्यांनी झाकू नका, बॅटरी तापते.

वापरलेली घेताना खरी जोखीम वेगळीच. 2016 आधीच्या 2.5 लिटर डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) आहे; तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा. क्रिस्टाच्या डिझेलमध्ये बेल्टऐवजी साखळी आहे. आणि आरसी नीट वाचा: पांढरी (खासगी) पाटी असली तरी गाडी आधी टॅक्सी असू शकते. क्लच पेडलचं झिजलेलं रबर मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा खरं बोलतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.