मालकांकडून उत्तर : रॉकेटचा बजर वाजला नाही, याबद्दल
नमस्कार सर. खाली पडल्यावर आवाजावरून सापडावं म्हणून लावलेला बजर वाजला नाही आणि तुमच्या मुलाचं मॉडेल रॉकेट बार्शी रोडकडच्या ज्वारीत रात्रभर पडून राहिलं, पोराचा हिरमोड झाला, त्याचं खरंच वाईट वाटलं. क्षमस्व. पण "दीडशे रुपये घेऊन बंद पडलेला बजर गळ्यात मारला" असं एक स्टार देऊन लिहिलंत, ते मनाला लागलं.

बजर बंद नव्हता. नवी पेठेतल्या आमच्या दुकानात तुमच्यासमोर चिमट्यातली प्लास्टिकची पट्टी ओढून वाजवून दाखवला, तेव्हा तुमच्या मुलाने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. 3 ते 24 व्होल्टवर चालणारा, आत ऑसिलेटर असलेला, म्हणजे नुसता सेल जोडला की स्वतःच वाजणारा पिझो बजर आहे तो. त्याला 12 व्होल्टचा छोटा सेल दिलाय, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो.

आता तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. दुसऱ्या दिवशी रॉकेट सापडलं तेव्हाचा आहे, आणि प्लास्टिकची पट्टी चिमट्यात जशीच्या तशी आहे! पट्टी मध्ये असेपर्यंत चिमट्याच्या दोन टोकांवरच्या तांब्याच्या तारा एकमेकींना टेकत नाहीत. मग बजर वाजणार कसा? पट्टीचा दोरा नोज कोनला, म्हणजे रॉकेटच्या टोकाला, बांधायचा. वर पॅराशूट बाहेर पडताना कोन उडतो, दोरा ताणला जातो, पट्टी निसटते. मात्र हा दोरा कोन आणि नळी जोडणाऱ्या इलॅस्टिकपेक्षा बराच आखूड हवा. तुमच्या फोटोत तो इलॅस्टिकच्या दुप्पट लांब दिसतोय. सगळा हिसका इलॅस्टिकने घेतला, दोरा ढिलाच राहिला. यात सेलचा काय दोष, बजरचा काय दोष?

हेच मी त्या दिवशी सांगत होतो. शटर ओढायची वेळ झाली होती, तरी थांबलो होतो. तुम्ही फोनवर होता, "घरी बघतो" म्हणालात. मुलगा मात्र लक्ष देऊन ऐकत होता, हुशार आहे.

दीडशेत बजर, सेल, चिमटा, वायर आणि सोल्डरिंगसुद्धा आलं. वडिलांपासूनचं दुकान आहे सर. कॉलेजची पोरं हल्ली रिव्ह्यू वाचूनच पायरी चढतात, आणि ऑनलाइनपुढे टिकणं आधीच अवघड झालंय. पट्टीचा फोटो बघून रिव्ह्यूचा पुन्हा विचार करा, एवढीच विनंती.

यापुढे जोडणीचं चित्र कागदावर द्यायचं बघतो. मुलाला घेऊन या, दोरा बांधून देतो, पैसे नकोत. येताना नोज कोन आणि इलॅस्टिक आणा, त्याशिवाय माप घेता येणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं.