'जनावराला सुई घरीच मारा' या मेसेजमधलं खोटं आणि अर्धं खरं

'डॉक्टरची फी वाचवा, सुई घरीच मारा' असा एक लांबलचक मेसेज सध्या करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'म्हस आठवड्यात व्यायची हाय, उपयोगी पडंल.' म्हणून हे तातडीनं लिहितोय. मेसेजात सात मुद्दे आहेत. ते क्रमानं घेत नाही. ज्यानं जनावर दावणीलाच मरेल, तो आधी.

मेसेज म्हणतो: व्यायल्यावर जनावर बसलं की कॅल्शियमची बाटली मानेच्या शिरेत लावा, उंच टांगा, पाच मिनिटांत संपवा, जनावर ताडकन उठतं.

उठतं हे खरं आहे, पण डॉक्टरांनी हळूहळू दिल्यावर. ४५० मि.ली.ची बाटली शिरेतून द्यायला दहा ते वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ डॉक्टरांचं लक्ष हृदयाच्या ठोक्यांवर असतं. ठोके अडखळले की नळी चिमटीत धरून बाटली थांबवायची. रक्तात कॅल्शियम एकदम वाढलं तर हृदय आखडतं आणि बंद पडतं. बाटली जितकी उंच, तितकी धार जोरात. म्हणजे 'उंच टांगा' हा सल्ला थेट मरणाकडे नेणारा आहे. थंडीच्या दिवसांत गार बाटली तशीच लावतात, तेही धोक्याचं. ती आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करायला लागते.

दुसरी गोष्ट, सुई शिरेतच आहे हे कसं ओळखणार? मानेच्या शिरेच्या खालीच धमनी असते. सुई तिच्यात गेली तर रक्त लालभडक आणि उसळून येतं. त्या वाटेनं औषध मेंदूकडे जातं आणि जनावर झटके देत आडवं होतं. सुई शिरेबाहेर सरकली तर औषध मांसात उतरतं, मान सुजते, पुढं कातडी सडून गळतेसुद्धा. डोकं झटकणाऱ्या जनावरात हे कधीही होऊ शकतं.

शिवाय बसलेलं प्रत्येक जनावर दुग्धज्वराचं, म्हणजे व्यायल्यावर रक्तात कॅल्शियम कमी पडल्याचं, नसतं. दुग्धज्वर बहुतेक वेळा व्यायल्यापासून तीन दिवसांत येतो. कान गार पडतात, नाकपुडी कोरडी होते, मान वळवून डोकं कुशीवर टेकवलेलं असतं, आणि नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार लागतं. पण कासदाहाचं (कासेला जंतू लागून येणाऱ्या सुजेचं) विष अंगात भिनल्यावरही जनावर असंच बसतं, खुब्याला मार लागल्यावरही बसतं, फॉस्फरस कमी पडल्यावरही बसतं. विष भिनलेल्या जनावराच्या हृदयाला शिरेतलं कॅल्शियम जास्तच जड जातं.

डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे. जनावर एका अंगावर आडवं पडू देऊ नका, पोट फुगतं. छातीवर बसतं करा आणि दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा. तोंडावाटे काहीही पाजू नका, गुळाचं पाणीसुद्धा नाही. अशा वेळी गिळायची ताकद कमी झालेली असते, पाजलेलं फुफ्फुसात उतरतं. मेसेजात 'शीर सापडली नाही तर तीच बाटली कातडीखाली द्या' असंही आहे. डॉक्टर कधी कधी तसं देतात, पण साधं कॅल्शियम, तीन-चार जागी वाटून. डेक्स्ट्रोज (साखर) मिसळलेली बाटली कातडीखाली दिली तर गळू होतं.

आता दुधाचा मुद्दा. अँटिबायोटिकची सुई दिली तरी दूध उकळलं की औषध मरतं, दूध संस्थेला घालायला हरकत नाही, असं मेसेज सांगतो. हे खोटं आहे. उकळल्यानं जंतू मरतात, बहुतेक अँटिबायोटिकं शिल्लक राहतात. आणि कोल्हापुरात उकळायचा प्रश्न तरी कुठं येतो? गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात पडते आणि माणूस तिथंच पितो.

यावर नियम स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला नियम ९७ जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्त झाला. दूध-मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधावर, सुई दिल्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे छापलेलं असायला लागतं. त्या औषधासाठी मुदत ठरलेली नसेल तर दुधाला कमीत कमी सात दिवस आणि मांसाला अठ्ठावीस दिवस धरायचे. तेव्हा लेबल वाचा, शेवटच्या सुईपासून दिवस मोजा, आणि तोवर दोन्ही वेळचं दूध वेगळं काढून टाका. चारही सडांचं टाका. सुई अंगात दिलेली असते, औषध सगळ्या कासेत उतरतं. सडात सोडायच्या ट्यूबलाही हाच हिशेब. एका म्हशीचं असं दूध कॅनमध्ये पडलं की बाकीच्यांचंही बिघडतं. विरजण त्या दुधात नीट धरत नाही, घरच्या दह्यावरही ते दिसतं.

पान्हा चोरणाऱ्या म्हशीला रोज ऑक्सिटोसिन (पान्हा सोडवणारं संप्रेरक) द्या, हा तिसरा मुद्दा. दुधातून ते माणसाला बाधत नाही, असं त्यात पुढं लिहिलंय. एवढं मान्य करतो: ते जनावराच्या रक्तात काही मिनिटांत मोडतं आणि माणसाच्या पोटात पचून जातं. पण रोज सुई घेणारी म्हैस सुईशिवाय पान्हा सोडायचं विसरते. कास धुतली, रेडकू लावलं की एक-दोन मिनिटांत तिचं स्वतःचं ऑक्सिटोसिन सुटतं आणि पाच-सात मिनिटं टिकतं. धार तेवढ्यात काढायची. काठी, आरडाओरडा, अनोळखी माणूस यांनी ते अडतं. दूध वाढवायला जनावराला अपाय करणारी सुई देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावर सरकारजमा होतं.

'मांसातली सुई कुणीही मारू शकतो' हे मात्र अर्धं खरं आहे. डॉक्टरांनी पहिली सुई देऊन पुढच्या दोन दिवसांच्या लिहून दिल्या, तर शिकलेला हात त्या देऊ शकतो. पण मेसेज सांगतो तशी पुठ्ठ्यात (ढुंगणाच्या मांसात) नको, तिथून मागच्या पायाची मोठी नस जाते. वासराच्या पुठ्ठ्यात मांस कमी, त्याचा पाय कायमचा लुळा पडू शकतो. मानेत द्या: खांद्याच्या पुढं, मानेच्या वरच्या कडेपासून खाली आणि मणक्यांच्या रांगेपासून वर जो त्रिकोण उरतो, तिथं. जनावर आखडून बांधा. १६ किंवा १८ गेजची दीड इंची सुई सिरिंजपासून वेगळी करून एका झटक्यात टोचा, क्षणभर थांबा. सुईतून रक्त आलं तर काढून जागा बदला. नाही आलं तर सिरिंज जोडा, दट्ट्या थोडा मागं ओढून पुन्हा बघा, मग हळू दाबा. एका जागी १० मि.ली.च्या वर नको. पांढरी दुधाळ पेनिसिलिनची औषधं शिरेत गेली तर जनावर कोसळतं, म्हणून हे थांबून बघणं.

एकच सुई सगळ्या गोठ्याला चालते? नाही. सर्रा, थायलेरिया असे रक्तातल्या परजीवींचे रोग सुईवरच्या रक्तातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात. माणसाचं वेदनाशामक डायक्लोफेनॅक जनावराला चालतं? नाही. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मेली.

राहिला 'मोठ्या जनावराला सरसकट १५ मि.ली.' हा मुद्दा. मात्रा वजनावर ठरते. एकाच औषधाच्या एका बाटलीत मि.ली.ला ५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २०. वजन टेपनं काढता येतं: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा, ६६० नं भागा. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर साधारण ४४५ किलो. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करताना हा आकडा, व्यायल्याची वेळ आणि कान गार आहेत की गरम, एवढं आधी सांगा.