फ्रेट नसलेल्या बेसला फ्रेटचे पैसे कशाला?

फ्रेटलेस बेस, म्हणजे तारांखालच्या लाकडी बोर्डवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसलेला बेस गिटार, घ्यायचा विचार कुणी बोलून दाखवला की एक तयार सल्ला त्याच्या हातात पडतोच. तो थोडक्यात असा: "स्वस्त फ्रेटलेस म्हणजे खेळणं. एबनीचा (काळ्या, कठीण लाकडाचा) बोर्ड आणि त्यावर इपॉक्सी (कठीण राळेचा थर) नसेल तर तो आवाज निघतच नाही. राउंडवाउंड तारा लावल्या की बोर्ड संपला. फ्रेटच्या जागी रेषा असलेला घेऊ नका, ती लबाडी आहे. बॅटरीवरचं ॲक्टिव्ह सर्किट हवंच. वापरलेला बेस तर बघूही नका. आणि एवढे पैसे नसतील, तर जुन्या बेसचे फ्रेट उपटा, फुकटात काम होईल." यातल्या एक-दोन वाक्यांत तथ्य आहे. पण सगळा सल्ला एकत्र ऐकणारा माणूस एक तर फ्रेटलेसचा नाद सोडतो, नाहीतर पक्कड घेऊन चांगल्या बेसची वाट लावतो.

"स्वस्त फ्रेटलेस म्हणजे खेळणं." स्वस्त बेसमध्ये कारखाना पैसे कुठे वाचवतो, ते आधी पाहू. लाकडात, तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपमध्ये, सूर जुळवायच्या चाव्यांमध्ये थोडे वाचतात. खरी कपात होते मजुरीत, आणि बेसवर मजुरी खाणारं काम म्हणजे फ्रेटचं. वीसेक पट्ट्या बोर्डमध्ये ठोकायच्या, सगळ्या एका पातळीत घासायच्या, घासून सपाट झालेला प्रत्येकीचा माथा पुन्हा गोल करायचा, टोकं हाताला लागणार नाहीत अशी तासायची, मग पॉलिश. या कामाला घाई चालत नाही, आणि स्वस्त बेसवर घाईच होते. म्हणून एखादा फ्रेट वर आलेला असतो आणि त्याच्या अलीकडचा सूर खरखरतो, किंवा कोरड्या हवेत बोर्ड आकसला की पट्ट्यांची टोकं हाताला टोचतात. स्वस्त फ्रेटेड बेसबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. फ्रेटलेसवर हे खातंच बंद आहे. त्यामुळे एकाच कारखान्यातले, एकाच किमतीचे दोन बेस समोर असतील तर माझ्या मते फ्रेटलेसमध्ये पैशाचं मोल जास्त मिळतं.

शिवाय या वाद्याची वंशावळच स्वस्तातून सुरू होते. १९६१ मध्ये बिल वायमन (पुढे रोलिंग स्टोन्सचे बेसवादक) यांनी एका साध्या, स्वस्त बेसचे फ्रेट काढले. नवे बसवायचा बेत होता, पण आवाज आवडला आणि बेस तसाच राहिला. पहिला फ्रेटलेस इलेक्ट्रिक बेस म्हणून बहुतेक जण त्याच वाद्याकडे बोट दाखवतात. कारखान्यातून तयार होऊन आलेला अँपेग कंपनीचा एयूबी-१ त्यानंतरचा, १९६६ चा. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन या मॉडेलचा फ्रेटलेस अवतार तर थेट १९७० मध्ये आला.

स्वस्त फ्रेटलेस वाईट निघतच नाही असं नाही. फ्रेटलेसवर अख्खा बोर्ड हाच एक लांबलचक फ्रेट असतो. तो कुठे खोलगट किंवा फुगीर असला, विशेषतः नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे, तर सूर गुदमरतात. दुसरी नेहमीची खोट नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिच्यात असते. फ्रेटेड मॉडेलसाठी कापलेला नट तसाच फ्रेटलेसवर बसवून देतात, मग पहिल्या दोन-तीन स्वरांशी तारा बोर्डपासून उगाच उंच राहतात, दाबायला जड जातात आणि दाबल्या की सूर चढतो. पण नटच्या खाचा खोल करणं हे कानस चालवता येणाऱ्या जाणकाराचं थोड्या वेळाचं काम आहे. तेवढ्यासाठी बेसला खेळणं म्हणणं म्हणजे अतीच.

"एबनी आणि इपॉक्सीशिवाय तो आवाज नाही." इथे जरा थांबायला हवं, कारण फ्रेटलेसच्या त्या म्वाऽऽ अशा फुलत जाणाऱ्या आवाजासाठीच लोक हा बेस घेतात. तो येतो कुठून? बोट ठेवलेल्या जागेपुढे तार बोर्डच्या अगदी अंगालगत जाते आणि थरथरताना त्याला हलकेच घासत राहते. त्या घासण्यातून वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात. तंबोऱ्याची जवारी लागते तेव्हा घोडीच्या माथ्यावर जे घडतं, त्याच जातीचं हे आहे. आता यासाठी काय काय लागतं ते मोजा: बोर्ड सपाट, नेक जवळजवळ सरळ, तारा बोर्डच्या जवळ, उजवा हात ब्रिजकडे (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिकडे) आणि ब्रिजजवळचा पिकअप. लाकूड यानंतर येतं. बोर्ड कठीण असला तर आवाज उजळ होतो आणि जास्त टिकतो, हे खरंच. पण पटत नसेल तर कुठल्याही महागड्या फ्रेटलेसच्या ब्रिजवरचे, तारा टेकवणारे सॅडल एक-दीड मिलिमीटर वर करून वाजवा. एबनी जागेवर असते, म्वाऽऽ गेलेला असतो.

इपॉक्सीची कथा फ्रेटलेसचे गाजलेले वादक जॅको पास्टोरियस यांच्यापासून सुरू होते. त्यांचा बेस म्हणजे फेंडरचं १९६२ चं जॅझ मॉडेल, फ्रेट काढलेलं. बोर्ड एबनीचा नव्हे, रोझवुडचा. त्यावर त्यांनी बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर चढवले, ते प्रामुख्याने खरखरीत राउंडवाउंड तारांपासून लाकूड वाचवण्यासाठी. थर कठीण असल्यामुळे आवाजालाही धार आली असणार. मात्र त्या आवाजात मोठा वाटा ब्रिजच्या पिकअपचा, ब्रिजजवळ वाजवण्याचा आणि अर्थातच त्या बोटांचा आहे. शिवाय इपॉक्सीचा थर नीट समतल केलेला नसेल तर तो उघड्या लाकडापेक्षा वाईट. तेव्हा स्वस्त बेस घेऊन वर घरीच इपॉक्सी ओतायचा उद्योग करू नका.

स्वस्त श्रेणीत बोर्डसाठी वेगवेगळी सामग्री दिसते. स्क्वायरच्या (फेंडरचा स्वस्त ब्रँड) व्हिंटेज मॉडिफाइड मालिकेतल्या फ्रेटलेस जॅझला एबोनॉलचा बोर्ड असायचा. राळ मुरवून, दाबून केलेला हा काळा पदार्थ लाकडासारखा हवेनुसार फुगत-आकसत नाही आणि तारांना चांगला पुरून उरतो. त्यानंतरच्या क्लासिक व्हाइब मालिकेत लॉरेलचं लाकूड आलं. मला निवड दिली तर मी बोर्डच्या लाकडाआधी पिकअपची मांडणी बघेन. ब्रिजजवळ पिकअप असलेला, म्हणजे जॅझ किंवा त्या धाटणीचा बेस असेल तर तो नाकात बोलणारा आवाज लगेच सापडतो. फक्त मधला प्रिसिजन पिकअप असेल तर आवाज गोल, जाड, उभ्या डबल बेसकडे झुकणारा येतो. तो वाईट अजिबात नाही, पण मनात एक आवाज धरून दुसरा बेस घेतला की दोष बोर्डच्या माथी मारला जातो.

"राउंडवाउंडने बोर्ड संपतो." अर्धं खरं. राउंडवाउंड तारांवरची गोल तारेची वेटोळी मऊ लाकडावर कानशीसारखी चालते, आणि स्टेनलेस स्टीलच्या तारा निकेलपेक्षा जास्त खातात. पण बोर्ड एका महिन्यात खलास होत नाही. झीज किती होईल हे हातावरही आहे. फ्रेटेड गिटारवर तार आडवी ओढून कंप देतात. फ्रेटलेसवर बोट तारेच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे डोलवायचं असतं. आडवं ओढण्याची सवय मोडली नाही तर चरे लवकर पडतात. सुरुवातीला फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा) लावा: बोर्डही वाचतो आणि बोट सरकताना तारेची किरकिरही होत नाही. काही फ्लॅटवाउंड संचांचा ताण जास्त असतो, त्यामुळे तारा बदलल्यावर ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारा आतला धातूचा गज) पुन्हा बघावा लागेल. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा त्याहून सौम्य. म्वाऽऽ मात्र राउंडवाउंडवर जास्त फुलतो, तेव्हा ज्याला तोच हवा त्याने थोडी झीज पदरात धरूनच चालावं. बऱ्याच वर्षांनी बोर्ड घासून पुन्हा सपाट करता येतो.

"रेषा म्हणजे लबाडी." जॅको पास्टोरियस यांच्या त्याच बेसवर फ्रेटच्या भरलेल्या खाचांच्या रेषा स्पष्ट दिसतात. वाद खरं तर इथेच मिटावा. तरी आकडे पाहू. नट ते ब्रिज ३४ इंच असलेल्या बेसवर नटपासून पहिला अर्धस्वर सुमारे ४८ मिलिमीटरवर येतो, पण सप्तकाच्या खुणेनंतरचा पुढचा अर्धस्वर फक्त २४ मिलिमीटरवर. पाचव्या अर्धस्वराच्या जागेशी बोट दोन मिलिमीटर चुकलं तर सूर सुमारे ५ सेंट हलतो, म्हणजे अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले पाच. तीच चूक बाराव्या जागेशी ८ सेंटची होते. म्हणजे खाली थोडं चुकलेलं खपून जातं, वर गेलं की कणसूर लगेच कानाला लागतो. रेषा बोटाला त्या जागेच्या आसपास आणून सोडतात, शेवटचा मिलिमीटर कानाचाच. वाजवणाऱ्याला रेषा वरून तिरक्या दिसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली तरी माणूस बेसूर वाजवू शकतोच. त्यात कसली लबाडी?

रेषांपेक्षा महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही: नेकच्या कडेवरचे ठिपके. फ्रेटेड बेसवर ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात. फ्रेटलेसवर ते नेमके स्वराच्या जागेवर असणं सोयीचं, कारण इथे बोट फ्रेटच्या मागे नव्हे, थेट त्या जागेवरच ठेवायचं असतं. बिनरेषांच्या काही बेसवर ठिपके फ्रेटेड पद्धतीनेच, मधोमध दिलेले असतात. तो बेस घेऊन नवशिका ठिपक्यावर बोट ठेवतो आणि निम्म्या अर्धस्वराने बेसूर वाजवत स्वतःच्या कानाला दोष देत बसतो. बिनरेषांचा घ्यायचा तर हे आधी बघा, रंग मग.

"ॲक्टिव्ह सर्किट हवंच." नको. जॅको यांच्या जॅझ बेसमध्ये बॅटरी नव्हती. स्वस्त बेसमधला सुमार प्रीॲम्प (म्हणजे तेच बॅटरीवरचं सर्किट) हिसहिस करतो आणि ऐन वेळी बॅटरी संपते.

"फ्रेट उपटा, फुकटात काम होईल." आधी सांगायचं की सर्वोत्तम बोर्डशिवाय घेऊ नका, आणि शेवटी म्हणायचं की पक्कड घ्या! सल्ल्याचं हे टोक सगळ्यात महाग पडतं. फ्रेटचा पाय लाकडात रुतलेला असतो. तो न तापवता ओढला तर बोर्डचे टवके निघतात. उरलेल्या खाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या, पण त्या मोकळ्या ठेवून चालत नाही. त्यांत लाकडाची पातळ पट्टी बसवून चिकटवावी लागते, नाहीतर बोर्डची ताकद जाते आणि तारांच्या ताणाने नेक पुढे वाकतो. मग पूर्ण बोर्ड गोलाई सांभाळत घासायचा. फ्रेटची साधारण एक मिलिमीटर उंची गेल्यामुळे तारा तितक्याच उंच उरतात, म्हणून नट नवा किंवा खोल कापायचा, सॅडल खाली घ्यायचे. ते तळाला टेकले की नेकच्या खाचेत पाचर घालून नेकचा कोन बदलायचा. हे सगळं जाणकाराकडून करून घेतलं तर मजुरी स्वस्त फ्रेटलेसच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते, आणि स्वतः केलं आणि बिघडलं तर हातचा फ्रेटेड बेसही जातो. स्क्रूने जोडलेला नेक असेल तर त्याच मापाचा तयार फ्रेटलेस नेक मिळतो का ते पाहावं. जुना नेक कपाटात सुखरूप राहतो. फ्रेट उपटण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा बेस तसाही अडगळीत पडलाय, फ्रेट झिजून गेलेत आणि तुम्हाला हे काम शिकायचंच आहे.

"वापरलेला घेऊ नका." उलट मी आधी तिथेच शोधेन. हौसेने फ्रेटलेस घेऊन, पहिल्याच बेसूर आठवड्यात हिरमुसून तो कोपऱ्यात ठेवणारे पुष्कळ असतात. असे बेस जवळपास नवेच असतात, आणि झिजलेल्या फ्रेटचा प्रश्न इथे येतच नाही. फक्त हातात घेऊन तपासा. बोर्ड उजेडाकडे तिरका धरून बारीक दोन तारांखाली चरे किती खोल आहेत ते बघा. बारीक खुणा घासून जातात, नख अडकेल इतके खोल असतील तर किंमत पाडून मागा. मग एक तार नटजवळ आणि बोर्डच्या शेवटाशी एकदम दाबा. मधोमध तार आणि बोर्ड यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. चारही तारांवर प्रत्येक अर्धस्वर एकेक करून वाजवा आणि कुठे आवाज अचानक मरतो ते ऐका. मधेच एका जागी मरत असेल तर तिथे खोलगट किंवा फुगवटा आहे. सगळीकडेच सारखा खरखरत असेल तर बहुधा नुसता सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक यांची जुळणी) बिघडलाय, आणि ते तुमच्या फायद्याचं. शेवटी विक्रेत्याला विचारून ट्रस रॉड पाव फेरा दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. तो अडकला असेल किंवा फिरूनही नेक ढिम्म हलत नसेल, तर बेस कितीही स्वस्त असो, परत ठेवा.